टर्नरबाईंना दम लागतो

“गुड आफ्टरनून, मिसेस टर्नर. हाऊ आर यू फीलिंग टुडे?”

“बरं वाटंना बघ,” आत्ती म्हणाल्या. पाठीशी दोन उशा घेऊन त्या दिवाणावर बसल्या होत्या. डोळे अर्धवट मिटलेले, आवाज खोल गेलेला.

“कॅन यू टेल मी अ बिट मोअर?”

“हे काय विचारलीस?”

“जरा आणखी सांगा म्हणतेय.”

“मग तसं म्हण की. जिना चढवंना. अठरा पायऱ्यांत दोनदा थांबावं लागतंय. कुणी बघत नाही ना बघायचं, आणि भिंतीला हात लावून उभं राहायचं.”

“सो यू गेट आउट ऑफ ब्रेथ ऑन द स्टेअर्स.” मी वहीत टीक मारली. “टेक युवर टाइम, मिसेस टर्नर. कॅच युवर ब्रेथ.” आणखी एक टीक.

आत्तींनी एक डोळा उघडला. “पुन्हा कॅच. श्वास म्हणजे काय मांजर आहे व्हय, पळालं की धरायला?”

मला हसू फुटलं आणि तेवढ्यात मोबाइलवरची पाच मिनिटं संपली. चाळीसपैकी अकरा शब्दजोड्या बसल्या होत्या. आदल्या दिवशीपेक्षा दोन जास्त.

“आत्ती, काय ॲक्टिंग करता तुम्ही. नाटकातच जायला पाहिजे होतं.”

“संसारात काय कमी नाटकं केली?” त्या म्हणाल्या आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती म्हणजे मिरजेतल्या गिरणीवाल्या मगदूमकाकू. चौतिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा दीर-जावा गिरणी विका म्हणून मागं लागले होते. ह्यांनी विकली नाही. दगडाला टाकी लावायला माणूस वेळेवर येईना, तर छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः शिकल्या. खाली गिरणी, वर आम्ही राहायचो. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं आत्ती साधं मीठ मागायच्या तेही चार घरांना ऐकू जायचं.

मी तेव्हा एका दवाखान्यात नर्स होते. दहा वर्षं झाली होती आणि मला बाहेर, इंग्लंडला जायचं होतं. लोक विचारायचे तेव्हा मी पगार सांगायची, कारण ते कारण सगळ्यांना पटतं. खरं कारण वेगळं होतं. दहा वर्षांत पेशंटच्या उशाशी उभी असताना मला कुणी ‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं’ असं एकदाही विचारलं नव्हतं. तिकडं नर्स स्वतः पेशंटची छाती ऐकते, स्वतः ठरवते, असं माझ्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. मला ते पाहिजे होतं. त्याला हावरटपणा म्हणा, माझी ना नाही.

आडवी आली इंग्रजीची परीक्षा. वाचणं, लिहिणं, ऐकणं, तिन्हीत पास. बोलण्यात दोनदा नापास. त्यात एक कार्ड देतात, समोर पेशंट म्हणून एक नट किंवा नटी बसते आणि तुम्ही नर्स म्हणून पाच मिनिटं बोलायचं. तिकडच्या दवाखान्यानं माझी जागा डिसेंबरपर्यंतच धरून ठेवली होती, म्हणजे तिसरी खेप ती शेवटची.

क्लासच्या इनामदार सरांनी एक पिवळी पुस्तिका दिली होती. दुखण्याच्या शब्दजोड्या, झोपेच्या शब्दजोड्या, आणि सगळ्यांत लांबलचक श्वासाच्या. सर म्हणायचे, “आपण कसं, दम लागतो म्हणतो, दम घेतो म्हणतो, दम पडतो म्हणत नाही. तसंच त्यांचं. ब्रेथला कुठला शब्द चालतो ते पाठच करायचं, डोकं चालवायचं नाही.” डीप ब्रेथ घ्यायचा, ब्रेथ होल्ड करायचा, कॅच करायचा, लूझ व्हायचा. जिन्यात आउट ऑफ, आजारात शॉर्ट ऑफ. मी चाळीस जोड्या वहीत लिहिल्या आणि समोर चौकोन आखले. बोलण्यात जोडी आली की टीक. परीक्षकाच्या हातात काय असेल ते असो, माझ्या हातात टीका होत्या.

“घरात कुणाला तरी पेशंट करा,” सर म्हणाले होते. “ते मराठीत बोलू देत, तुम्ही इंग्रजीत उत्तर द्या.”

श्रेणिक, माझा नवरा, दोन दिवस पेशंट झाला आणि तिसऱ्या दिवशी पेशंट असतानाच घोरायला लागला. तेव्हा आत्ती म्हणाल्या, “सरक तू. मी होते.” कार्डावर नाव होतं मिसेस टर्नर, वय अडुसष्ट, श्वासाचा त्रास. आत्ती एकसष्टच्या. “सात वर्षं वाढवून घेते,” म्हणाल्या.

मग रोज दुपारी, माझी सकाळची ड्युटी संपली आणि गिरणी जेवायला बंद झाली की, टर्नरबाई दिवाणावर बसायच्या. सहा आठवडे एक दिवस चुकला नाही. मी कंटाळले तरी त्या कंटाळायच्या नाहीत. एकदा मी म्हणाले, “जाऊ दे आत्ती, आपल्याच्यानं होत नाही.” तर त्या म्हणाल्या, “आपल्याच्यानं? मी तर माझं काम चोख करायले. तुझं तू बघ.”

आणि खरंच चोख होतं. रोज काहीतरी नवीन निघायचं.

“आता एका उशीवर झोप लागंना. दोन लागतात.”

“डू यू हॅव डिफिकल्टी ब्रीदिंग व्हेन यू लाय फ्लॅट?” टीक.

“पहाटे दचकून उठते. छातीवर कुणी पोतं ठेवल्यागत. मग खिडकीत जाऊन बसते.”

“सो यू वेक अप गॅस्पिंग फॉर ब्रेथ.” टीक. ही जोडी तीन दिवस बसत नव्हती, ती त्या दिवशी बसली. मी खूश होऊन त्यांना गुळपोळी करून घातली.

एका दुपारी त्या म्हणाल्या, “पायावर सूज यायली संध्याकाळची. चपलेचे पट्टे रुतायलेत.”

“आत्ती, कार्डात सूज नाही,” मी म्हणाले. “कार्डाबाहेर जाऊ नका. मला त्यातलं इंग्रजी पाठ नाही, आणि वेळ जातोय.”

“बरं. राहू दे मग,” त्या म्हणाल्या आणि लुगड्याचा काठ पायावर ओढून घेतला.

हे मी आता सांगतेय तेव्हा माझी मलाच चीड येते. पण तेव्हा माझं लक्ष वहीवर होतं.

परीक्षा पुण्याला, दुपारी साडेतीनची. साडेसहाची गाडी होती. सकाळी सहाला मी आवरून तयार झाले, देवाला हात जोडले आणि पाया पडायला आत्तींपुढं वाकले. एरवी आमच्यात पाया पडणं म्हणजे बोटं लावल्यासारखी करायची आणि उठायचं. त्या दिवशी मी घाबरलेली होते, म्हणून दोन्ही पाय घट्ट धरले. हात काढले तर डाव्या पायावर माझा अंगठा उमटला होता. खळगा. तो भरून येईना.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा खळगा.

“उठ गं. आशीर्वाद दिला की,” आत्ती म्हणाल्या.

मी लुगडं गुडघ्यापर्यंत वर सारलं. नडगीपर्यंत सूज होती. मग मी त्यांच्या मानेकडं बघितलं. बसल्या जागी मानेतली शीर उडत होती. दहा वर्षांत अशा पायांच्या मी शंभर नोंदी केल्या असतील. दोन उशा, पहाटेची खिडकी, अठरा पायऱ्यांत दोन थांबे. वहीतल्या टीका एकेक करून डोळ्यांपुढं आल्या.

“कधीपासून आहे हे?”

“काय कधीपासून? एकभुक्त केलं चातुर्मासात, त्याचा अशक्तपणा.”

“आत्ती, खोटं बोलू नका. मला का नाही सांगितलं?”

त्या रागावल्या नव्हत्या. उलट माझीच त्यांना कीव आल्यासारखी वाटली.

“सांगितलं नाही कसं?” त्या म्हणाल्या. “रोज सांगत होते. तू टीका मारत होतीस.”

मला रडू आलं. मी रडायला लागले, तर त्या गिरणीतल्या आवाजात ओरडल्या, “रडायचं पुण्याला जाऊन आल्यावर. आता गाडी बघ.”

“मी जात नाही. श्रेणिकला उठवते, दवाखान्यात जायचं.”

“हेच. ह्याच्यासाठीच नव्हते सांगत,” आत्ती म्हणाल्या. मधे थांबून त्यांनी श्वास घेतला, आणि आता तो मला ऐकू आला, घरंगळणारा, ओला. “सून म्हणून तुला सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी वही मिटली असतीस. टर्नरबाई म्हणून सांगितलं. म्हटलं, हुशार आहे, कळलं तर कळंल. नाही कळलं तर परीक्षा तरी देईल.”

“आणि तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?”

“मग झालं असतं. गिरणी विका म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं नाही. माझ्यापायी माझ्या सुनेनं स्वतःचं विकावं, हे मी ऐकणार होय?”

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसून राहिले. दोघीही हट्टी. एकीनं सोडल्याशिवाय काही होणार नव्हतं, आणि सोडणाऱ्यातली एकही नव्हती.

“ठीक आहे,” मी शेवटी म्हणाले. “मी पुण्याला जाईन. पण आधी तुम्ही ॲडमिट व्हायचं. आता, ह्या मिनिटाला. डॉक्टर बघून काय आहे ते सांगेपर्यंत मी हलणार नाही. मग माझी परीक्षा राहिली तर ते तुमच्या उशिरामुळं.”

आत्तींनी दोन क्षण हिशेब केला. “चल मग,” म्हणाल्या. “पायात चपला घालू दे.”

जिना उतरताना त्यांना एकटीला उतरू दिलं नाही. श्रेणिकनं एका बाजूनं धरलं, मी एका बाजूनं. सहाव्या पायरीवर त्या थांबल्या आणि मी पण थांबले. किती वेळ लागतो ते मोजलं. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट लागला.

माझ्याच दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर किणीकर सातला आले. छातीत पाणी, हृदयाची एक झडप अरुंद झालेली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता का, त्यांनी विचारलं. आला होता, आत्ती म्हणाल्या, आईनं निवडुंगाचा शेक दिला होता. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. नऊ वाजेपर्यंत ओठांवरचा निळेपणा गेला.

“वेळेत आणलंत, सिस्टर,” किणीकर म्हणाले. “आणखी पंधरा दिवसांनी अवघड झालं असतं.”

त्या शब्दानं मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला शरम वाटली.

मास्क बाजूला करून आत्ती म्हणाल्या, “आता पळ. बाहेर श्रेणिकनं गाडी ठरवलीय.” मग मास्क लावला, पुन्हा काढला. “आणि कॅच कर ते. मांजर.”

पुण्यात पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वाटेत वही उघडली नाही. उघडवेना.

समोर निळ्या चष्म्याची एक बाई बसली होती. कार्डावर लिहिलं होतं, खोकल्यासाठी भरती झालेली पेशंट, घरी जायचा हट्ट धरतेय, तिला श्वासाचे व्यायाम समजावून सांगा. म्हणजे चाळीसातल्या पंचवीस जोड्या सहज बसल्या असत्या. मी व्यायामाचं सुरू केलं. डीप ब्रेथ घ्या, होल्ड करा, हळू सोडा. ती बाई म्हणाली, मी ठीक आहे, जिन्यात जरा थकते, वयच झालं आता, मला घरी सोडा.

तिचं पाठच असणार ते. दिवसभरात वीस नर्सना तिनं तेच सांगितलं असणार. पण मला पुढचं वाक्य सुचेना. मी खुर्ची जरा पुढं ओढली आणि इंग्रजीत विचारलं, “हे थकणं तुम्ही घरी कुणाला सांगितलंय?”

आणि गप्प बसले.

ती कार्डाकडं बघायला लागली. कार्डात ते नसावं. घड्याळ चालू होतं. नापास करणारी शांतता असते, ती मला दोन परीक्षांपासून ओळखीची होती. तरी मी तोंड उघडलं नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “नो. नॉट रिअली. दे हॅव देअर ओन वरीज.”

“सांगा मला,” मी म्हणाले. “आय हॅव टाइम.”

पुढचं तिनं काय सांगितलं ते मला आठवत नाही. घंटा झाली तेव्हा मी मोजून तीन जोड्या वापरल्या होत्या. बाहेर आले, श्रेणिकला फोन केला, आत्तींनी पेज खाल्ली हे कळलं आणि बस स्टँडवर बसून पोटभर रडले. नापास होण्याची भीती मात्र सकाळइतकी मोठी राहिली नव्हती.

सोळा दिवसांनी निकाल आला. पास, आणि काठावरची पास नव्हे. आत्तींनी सगळ्या वॉर्डला पेढे वाटायला लावले.

झडप फुग्यानं उघडली, मांडीतल्या शिरेतून तार घालून. ते होऊन त्या अठरा पायऱ्या न थांबता चढल्याशिवाय मी जाणार नाही, असं मी तिकडच्या दवाखान्याला कळवलं. त्यांनी मार्चपर्यंत थांबायची परवानगी दिली. फेब्रुवारीत आत्ती न थांबता चढल्या, आणि वर जाऊन मला म्हणाल्या, “बॅग भर.”

मी लीड्सला आले, दीड वर्षानं श्रेणिक आला. गिरणी आत्तींनी भाड्यानं दिली, पण राहायला वरच राहिल्या. आमच्याकडं यायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांना तयार करणारा माणूस अजून जन्मायचा होता. दर रविवारी मी फोन करायची.

“आत्ती, कशा आहात?”

“मला काय धाड भरलीय?”

हे उत्तर ठरलेलं. मग मी म्हणायची, “मिसेस टर्नर, हाऊ आर यू फीलिंग टुडे?”

मग त्या म्हणायच्या, “टर्नरबाईंना मंगळवारी जिन्यात एकदा थांबावं लागलं.” किंवा, “टर्नरबाई मजेत आहेत. काल कर्दळीच्या पानात इडल्या केल्या त्यांनी.” टर्नरबाई कधी खोटं बोलल्या नाहीत. मी ऐकायची, किणीकरांना फोन करायची, गोळ्या कमी-जास्त व्हायच्या. आमची ही रीत सहा वर्षं चालली. ह्या सहा वर्षांत मी वॉर्डात रोज लोकांच्या छात्या ऐकल्या, आणि प्रत्येकाला एक प्रश्न जास्तीचा विचारला. तो मला कुठल्या पुस्तिकेनं शिकवला नव्हता.

मागच्या वर्षी ऑगस्टमधला रविवार. मी विचारलं, “मिसेस टर्नर, हाऊ आर यू फीलिंग टुडे?”

“त्या बाईला ठेव बाजूला,” आत्ती म्हणाल्या. “मी बोलतेय.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मला दम लागतोय, त्रिशला. बसल्या जागी लागतोय.” आवाज गिरणीचा राहिला नव्हता. “तू ये.”

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडं मागितलं ते एवढंच.

“आले,” मी म्हणाले.

बुधवारी दुपारी मी अठरा पायऱ्या चढून वर गेले. आत्ती दिवाणावर होत्या, पाठीशी चार उशा. डोळ्यांनी हसल्या, बोलायला त्यांना वेळ लागत होता. लुगड्याचा काठ पायावर ओढलेला नव्हता. सुजलेले पाय त्यांनी तसेच उघडे, माझ्याकडं करून ठेवले होते.

मी खाली बसले आणि ते मांडीवर घेतले.

“सांगा,” मी म्हणाले, आणि गप्प बसले.